काटा अडतो तेव्हा



आषाढात सुरू केलेलं माझं डाएट भाद्रपदात येऊन अडलं. पहिल्या सहा आठवड्यांत वजन ७६ किलोवरून ७१.४ वर आलं होतं. मग पाच आठवडे तेच: ७१.४, ७१.६, ७१.२, परत ७१.४. खाण्यात काहीच ढिलाई नव्हती. साखर बंद, भात बंद, तळण बंद. दोन्ही वेळा दोन-दोन फुलके, वरण, भाजी आणि ताक. रात्रीचं खाणं तर या घरात लग्न होऊन आल्यापासून नाहीच, सूर्यास्ताच्या आत आमचा ओटा पुसून झालेला असतो. तरी रोज सकाळी काटा आपला तिथेच.

डॉक्टरांनी रक्तातली साखर काठावर आहे असं सांगून मला सहा महिन्यांची मुदत दिली होती. माझ्या आईची शेवटची सात वर्षं इन्सुलिनच्या सुईवर गेली. ती मी जवळून पाहिली आहेत. त्यामुळे हा आकडा म्हणजे माझ्यासाठी साडी कशी बसते एवढ्यापुरता प्रश्न नव्हता. पाचव्या आठवड्यात मी संध्याकाळचे दोन्ही फुलके बंद केले आणि नुसत्या वरणावर राहू लागले. काटा तरीही हलला नाही. चिडचिड मात्र वाढली. एकदा तर नातवाने माझ्यासमोर पेढा खाल्ला म्हणून मी त्याच्यावर ओरडले.

दशलक्षण पर्व तोंडावर आलं होतं. वन्सं फोनवर म्हणाल्या, "यंदा दहाच्या दहा उपवास धर. पुण्य लागेल, आणि काटाही हलेल." मला ही सूचना आवडली, हे इथे कबूल करते. एका दगडात दोन पक्षी, असं मनात आलंसुद्धा. (जैनाच्या मनात ही म्हण यावी हेही एक नवलच.) दोन दिवस मी त्याच विचारात होते. मग मात्र काहीतरी खटकायला लागलं. काय खटकत होतं ते सांगण्याआधी थोडं इतिहासात जाऊन येते. वीस वर्षं शाळेत तोच विषय शिकवला आहे, त्यामुळे अडलं की माझे पाय तिकडेच वळतात.

वजनाच्या इतिहासात लंडनच्या विल्यम बँटिंग यांचं नाव पहिल्या पानावर येतं. धंदा अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा. राजघराण्यातल्या अंत्ययात्रांचं काम त्यांच्या पेढीकडे असे. पैसा होता, मान होता, आणि साठी उलटल्यावर उंची ५ फूट ५ इंच असताना वजन होतं २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. त्यांना स्वतःच्या बुटांचे बंद बांधता येत नसत. जिना उतरताना गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून ते उलटे, पाठमोरे, एकेक पायरी उतरत. वीस वर्षं त्यांनी उपाय केले. नदीत होडी वल्हवली, तर भूक वाढली आणि वजनही वाढलं. औषधी पाण्याच्या गावांना जाऊन आले, तुर्की हमामात बसले. कशाचाच उपयोग झाला नाही.

शेवटी १८६२ साली कमी ऐकू येतं म्हणून ते कानांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचं नाव विल्यम हार्वी. रक्ताभिसरणवाले हार्वी ते हे नव्हेत, ते दोनशे वर्षांपूर्वीचे. या हार्वींनी पॅरिसला क्लोद बर्नार यांची व्याख्यानं ऐकली होती आणि यकृत साखर कशी तयार करतं याचा त्यांच्या मनावर ठसा होता. त्यांनी निदान केलं की कानाला काही झालेलं नाही, चरबीचा दाब पडतो आहे. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा बंद करायला सांगितला.

बाकी बँटिंग यांच्या ताटात जे होतं ते वाचून आपण कानांवर हात ठेवावेत. दिवसातून चार वेळा जेवण, बहुतेक वेळी मांस किंवा मासे, आणि सोबत मद्य. त्यातलं घासभरसुद्धा आपल्याला घ्यायचं नाही. मला त्यांच्याकडून घ्यायची होती ती त्यांची वही.

त्यांनी १८६३ साली स्वतःच्या खर्चाने एक छोटी पुस्तिका छापली आणि ती फुकट वाटली. पुढे मागणी इतकी वाढली की ती विकायला काढावी लागली. इंग्रजीत त्यांच्या आडनावाचंच क्रियापद झालं आणि स्वीडिश भाषेत तर आजही डाएट करण्याला 'बांटा' म्हणतात. त्या पुस्तिकेत त्यांनी आपल्या वजनाचा तक्ता दिला आहे. २६ ऑगस्ट १८६२ ला २०२ पौंड. ७ सप्टेंबरला २००. मग २७ सप्टेंबरला १९७, १९ ऑक्टोबरला १९३, ९ नोव्हेंबरला १९०, ३ डिसेंबरला १८७, २४ डिसेंबरला १८४. म्हणजे साधारण दर तीन आठवड्यांना तीन-चार पौंड.

आणि मग जानेवारी लागला. १४ जानेवारी १८६३ ला १८२. ४ फेब्रुवारीला १८०. २५ फेब्रुवारीला १७८. १८ मार्चला १७६. खाणं तेच, माणूस तोच, आणि बारा आठवडे वेग दोन पौंडांवर आलेला. आठवड्याला म्हणाल तर जेमतेम ३०० ग्रॅम. माझ्या न्हाणीघरातला काटा एका पेल्या पाण्याने याहून थोडासाच कमी हलतो. बँटिंग रोज काट्यावर उभे राहिले असते, तर त्या बारा आठवड्यांतले कितीतरी दिवस त्यांना वजन अडल्यासारखं, काही दिवस वाढल्यासारखंसुद्धा दिसलं असतं. त्यांनी एक नोंद केली की पुढची नोंद तीन आठवड्यांनी. मधल्या दिवसांची हुरहूर त्यांच्या वाट्याला आलीच नाही.

एप्रिलपासून पुन्हा तीन-तीन पौंड उतरू लागले. १ जुलैला १६१. मग परत दोन, दोन, एक. २६ ऑगस्टला १५६. आणि शेवटची ओळ १२ सप्टेंबर १८६३ ची: वजन १५६, घट शून्य. एकूण ४६ पौंड, म्हणजे २१ किलोच्या आसपास. (आकडे इतके गोल आणि नेटके आहेत की साहेबांनी थोडी छाटछूट केली असावी असा माझा संशय आहे. पण शाळेत वर्षानुवर्षं मुलांच्या प्रयोगवह्या पाहिल्यामुळे मी जरा जास्तच संशयी आहे.)

ती शून्याची ओळ त्यांनी छापली, हे मला फार भावलं. पुस्तिका विकायची, नाव करायचं असा हेतू असता तर ती सहज गाळता आली असती. शिवाय त्यांनी वजनाबरोबर इतर गोष्टीही लिहून ठेवल्या. कंबरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी झाला. बुटांचे बंद बांधता येऊ लागले. जिना सरळ, समोर तोंड करून उतरता येऊ लागला. १८७८ साली वयाच्या ८१ व्या वर्षी ते वारले.

बँटिंग यांच्याही अडीचशे वर्षं आधी इटलीतल्या पादुआ इथे सांतोरिओ नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी तराजूला टांगलेली खुर्ची करून घेतली आणि सुमारे तीस वर्षं खाणं, पिणं, मलमूत्र, सगळं तोलून पाहिलं. १६१४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. माणूस दिवसाला आठ पौंड अन्नपाणी घेत असेल तर त्यातलं पाच पौंड न दिसता अंगातून निघून जातं, असा त्यांचा हिशोब होता. आज आपण त्याला घाम, श्वासातली वाफ वगैरे म्हणू. काट्यावर रोज जे हलतं त्यातलं बरंचसं पाणीच असतं, एवढं तरी त्या खुर्चीवरून कळावं.

याचा अनुभव माझ्याच घरात येत होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. सासूबाईंपासून आमच्याकडे रविवारी मीठ त्याग असतो. सोमवारी सकाळी माझं वजन हमखास अर्धा किलो कमी दिसायचं आणि गुरुवारी परत जागेवर. मी सोमवारी खूश आणि गुरुवारी उदास. मीठ कमी झालं की शरीर धरून ठेवलेलं पाणी सोडतं, मीठ आलं की पुन्हा धरतं. चरबीचा त्यात संबंध नाही. डाएटच्या पहिल्या पंधरा दिवसांत जे भराभर उतरतं त्यातही पाण्याचा वाटा मोठा असतो, कारण शरीरात साठवलेली साखर आपल्यासोबत तिच्या तिप्पट-चौपट पाणी बाळगून असते. साठा संपला की पाणीही जातं. माझे पहिले साडेचार किलो आठवले आणि थोडं ओशाळायला झालं. त्यांचं श्रेय मी पूर्णपणे स्वतःकडे घेतलं होतं.

आता ज्या प्रयोगाने मला खऱ्या अर्थाने भानावर आणलं त्याकडे येते. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लाखो माणसं उपासमारीत होती आणि त्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले अॅन्सेल कीज यांनी १९४४ च्या नोव्हेंबरात ३६ तरुणांना घेऊन एक प्रयोग सुरू केला. हे तरुण कोण? धर्म आणि सदसद्विवेकापोटी हातात शस्त्र धरायला नकार दिलेले. कुणी क्वेकर, कुणी मेनोनाइट, कुणी ब्रेदरन पंथाचे. मारायचं नाही, पण युद्धाने पोळलेल्यांसाठी काहीतरी सोसायचं, म्हणून ते स्वखुशीने आले होते. सरकारने वेगळ्या रांगेत उभी केलेली ही मुलं आपल्या एखाद्या पाठशाळेत सहज सामावली असती असं मला वाटतं.

आधी बारा आठवडे त्यांना पोटभर, दिवसाला सुमारे ३,२०० कॅलरींचं अन्न दिलं. मग फेब्रुवारी ते जुलै १९४५ असे चोवीस आठवडे साधारण १,५७० कॅलरींवर ठेवलं. पाव, बटाटे, शलगम, कोबी, असं युद्धातल्या युरोपच्या ताटात असेल तेच. (यातलं अर्धं आपल्याला कंदमुळं म्हणून वर्ज्य, तो भाग वेगळा.) शिवाय आठवड्याला २२ मैल चालणं सक्तीचं.

या प्रयोगातली एक गोष्ट मी तीन वेळा वाचली. कीज यांनी प्रत्येकाच्या वजनाची रेघ आधीच आखून ठेवली होती, आणि ती सरळ उतरती नव्हती. सुरुवातीला उतार तीव्र, मग मंद, आणि चोवीसाव्या आठवड्याच्या सुमारास जवळजवळ सपाट. त्या रेघेवर वजन राहावं म्हणून ते दर आठवड्याला कुणाचे पावाचे तुकडे कमी करत, कुणाचे वाढवत. म्हणजे ज्या गोष्टीने मी रडकुंडीला आले होते ती त्या माणसाने प्रयोग सुरू होण्याआधीच कागदावर काढून ठेवली होती. वजन उतरण्याचं चित्र असंच असतं, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

का सपाट होतं? एक कारण साधं आहे. देह लहान झाला की त्याला लागतंही कमी. ७६ किलोचा भार जिन्यावर चढवायला जेवढं जळण लागतं तेवढं ७१ किलोला लागत नाही. पण कीज यांना याहून जास्त काही दिसलं. त्या मुलांचा विश्रांतीतला शरीरखर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटला होता. त्यातला एक वाटा देह आटल्याचा आणि उरलेला निव्वळ काटकसरीचा. नाडी मंदावली, हातपाय गार पडू लागले, सारखी थंडी वाजू लागली. महिनाअखेरीला आपण नाही का, तेलाचा डबा तळाला गेला की फोडणीत हात आखडता घेत? कुणी सांगावं लागत नाही. शरीर तेच करतं. त्यातच त्यांच्या घोट्यांवर सूज आली, पाणी साचलं. आतली चरबी आणि स्नायू झिजत असताना पाण्यामुळे काट्यावर ती झीज पूर्ण दिसत नव्हती.

आणि मनाचं काय झालं? ही मुलं स्वभावाने सालस, पण भुकेने तिरसट झाली. बोलणं फक्त खाण्याचं. ताटं चाटून पुसून. आणि स्वयंपाकाची पुस्तकं जमवायला लागली. ज्यांनी कधी चहासुद्धा केला नसेल अशी मुलं रात्री पाककृती वाचत पडत.

इथे मी मोबाइल बाजूला ठेवला. कारण त्या पाच आठवड्यांत मी रोज रात्री साडेदहा ते साडेअकरा काय करत होते? चौविहार पाळून, अंथरुणात पडून, घेवर कसा करतात त्याचे व्हिडिओ बघत होते. घेवर! आमच्या सांगलीच्या घरात तो कधी केलेला नाही आणि करायचाही नाही. मला वाटत होतं माझ्यात संयम कमी आहे, माझी रसनेवरची आसक्ती सुटलेली नाही. तसं असेलही. पण मिनेसोटात छत्तीस निग्रही तरुणांच्या बाबतीत जे घडलं ते माझ्या बाबतीत घडत होतं, आणि त्याचं मूळ मी बंद केलेल्या दोन फुलक्यांत होतं. तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. ते तरुण होते, सडपातळ होते, मैलोन्मैल चालत होते. माझ्याजवळ जळायला चरबी भरपूर आहे. तरी त्यांच्या उपासमारीचा आकडा १,५७० होता आणि माझ्या वरणाच्या वाटीचा हिशोब केला तर मी त्याच्याही बरीच खाली उतरले होते.

मग हा 'काटा सारखा उतरत राहिलाच पाहिजे' असा समज आला कुठून? त्यालाही इतिहास आहे. १९५८ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी हिशोब मांडला की एक पौंड वजन म्हणजे ३,५०० कॅलरी. त्यावरून सगळीकडे नियम झाला: रोज ५०० कमी खा, आठवड्याला एक पौंड उतरेल. गणित बरोबर, पण ते पहिल्या काही आठवड्यांपुरतं. हाच हिशोब सरळ पुढे नेला तर मी तीन वर्षांत संपूर्ण नाहीशी व्हायला हवी. देह बदलला की खर्च बदलतो, हे त्या नियमात धरलेलंच नाही. २०११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट'मध्ये दुसरा हिशोब दिला. रोजच्या खाण्यातून कायमच्या २४ कॅलरी कमी केल्या तर अखेरीस एक किलो कमी होतो, पण त्यातला अर्धा उतरायला साधारण वर्ष लागतं आणि जवळपास सगळा उतरायला तीन वर्षं. म्हणजे रोजचे तीन फुलके कमी केले तर सरतेशेवटी नऊ-दहा किलो, आणि पहिल्या वर्षी त्यातले निम्मे. डॉक्टरांच्या भिंतीवरचा तक्ता असं सांगत नाही. सांगितलं तर कुणी सुरूच करणार नाही अशी भीती वाटत असेल.

हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. मी अजून काही चुकवलेलं नव्हतं. माझे पाच आठवडे तीन वर्षांच्या रेघेवर बोटभरसुद्धा भरत नव्हते.

आता वन्संच्या दहा उपवासांकडे परत येते. पर्वात मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचला जातो. नवव्या अध्यायात बाह्य तपाचे सहा प्रकार येतात, पहिलं अनशन, दुसरं अवमौदर्य. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी पूज्यपाद आचार्यांनी त्यावर सर्वार्थसिद्धी ही टीका लिहिली. अनशन कशासाठी हे सांगताना ते सुरुवातीलाच अट घालतात की डोळ्यांना दिसणाऱ्या फळाची अपेक्षा नसावी. संयम, रागाचा छेद, कर्माचा क्षय, ध्यान, यांसाठी ते करायचं. मला खटकत होतं ते हेच. माझा उपवास पहिल्या दिवसापासून सोमवारच्या काट्याकडे डोळे लावून बसला असता. तपाच्या बदल्यात ऐहिक फळ मागणं याला आपल्याकडे 'निदान' म्हणतात आणि ते तीन शल्यांपैकी एक. मराठीत तोच शब्द डॉक्टर रोग ओळखतात त्यालाही आहे, ही गंमत लिहिता लिहिता सुचली.

डाएट तर दिसणाऱ्या फळासाठीच असतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. साखर आटोक्यात राहावी म्हणूनच मी ते करते आहे. फक्त त्याला तप म्हणायचं नाही आणि तपाला डाएटच्या कामाला जुंपायचं नाही, एवढं ठरवलं. मी यंदा पर्वात दोनच उपवास केले, पहिला आणि चतुर्दशीचा, दरवर्षी करते तेवढेच, तेही डॉक्टरांना विचारून. त्या दोन्ही दिवसांनंतर तीन दिवस काट्यावर चढले नाही. वन्सं थोड्या नाराज झाल्या.

अवमौदर्याकडून मात्र मी एक पद्धत उसनी घेतली. शिवार्यांच्या भगवती आराधनेत पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा आणि स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा सांगितला आहे. त्यातून एक घास कमी केला तरी ते अवमौदर्य, दोन केले तरी अवमौदर्य, असं उतरत उतरत एका घासापर्यंत. यात किती खाल्लं ते मोजलंय, देह किती झिजला ते कुठेच मोजलेलं नाही. पूज्यपादांनी त्याचं प्रयोजनही किती घरगुती सांगितलंय: जागरूकता राहावी, दोष शमावेत, संतोष वाटावा, स्वाध्याय सुखाने व्हावा. जेवून उठल्यावर पोथी उघडता आली पाहिजे आणि पेंगता कामा नये, असं मी त्याचं भाषांतर करते.

तर संध्याकाळचे दोन फुलके मी परत सुरू केले. घरातल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. वहीत रोज दोन खुणा करते: ठरवलेलं तेवढंच खाल्लं का, आणि अर्धा तास चालले का. जेवणानंतर स्वाध्याय झाला तर तिसरी. वजन बँटिंग यांच्यासारखं तीन आठवड्यांनी एकदा, तेही बुधवारी, म्हणजे रविवारच्या बिनमिठाच्या जेवणाचा फायदा घेता येत नाही. बाकी दिवशी काटा कपाटावर ठेवलेला असतो आणि तो काढायला स्टूल लागतं. परकराच्या नाडीला पहिल्या दिवशी जिथे गाठ बसत होती तिथे मी लाल दोऱ्याचा टाका घालून ठेवला आहे. गंमत म्हणजे वजन अडलेल्या त्या पाच आठवड्यांतसुद्धा गाठ टाक्याच्या दोन बोटं आत सरकली होती. मी पाहिलंच नव्हतं.

पहिल्या बुधवारी ७१.१ भरलं. दुसऱ्या बुधवारी ७०.५. तिसऱ्या बुधवारी परत ७०.५, आणि ते शून्य मी वहीत लिहिलं. साखरेची तपासणी मार्गशीर्षात आहे.

कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या रविवारी आम्ही कुंभोजच्या बाहुबलीला गेलो होतो. गेल्या वर्षी डोंगर चढले होते, पण उतरताना गुडघ्याने असा दगा दिला की मी कठड्याला धरून, आडवी होऊन, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत आले होते आणि खाली पोचेपर्यंत सगळ्यांची जेवणं झाली होती. या वेळी नातू माझ्या पुढे दोन पायऱ्या होता. अर्ध्या वाटेवर तो मागे वळून म्हणाला, "आजी, तू आज सरळ उतरतेयस." पेढ्यावरून ओरडल्याबद्दल मी त्याची क्षमा मागितली नव्हती, क्षमावाणीच्या दिवशीसुद्धा राहून गेली होती. ती तिथेच मागितली. तो म्हणाला, "कुठला पेढा?"